दुसरीच्या पायाचे बूट

सत्यशीला नर्सबाई बदलून त्या उपकेंद्रावर आली तेव्हा आर्णी आणि दिग्रसच्या मधल्या पट्ट्यात बाईमाणसाला सायकलवर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सरकारनं तिला सायकल दिली होती, पण ती चालवायची कशी हे सांगायला कोणी नव्हतं. ते काम केंद्रातल्या रामलाल शिपायानं केलं. सकाळी उजाडता उजाडता तो मागच्या पडीक रानात सायकलची सीट धरून तिच्यामागं पळायचा आणि ओरडायचा, "खाली नका पाहू बाई, दूर पाहा!" कोपरं सोलली, साडी फाटली, गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण दिवाळी सरेपर्यंत सत्यशीला पांढरी साडी खोचून, हँडलला औषधाची पेटी अडकवून, बंजाऱ्यांच्या तांड्यातांड्यांवर जायला लागली.

मूळची ती नेरकडची. धम्मदीक्षेच्या साली बाप नागपूरहून परत आला, त्यानं घरातले देव नदीत सोडले आणि पोरीचं चिंधी हे नाव बदलून सत्यशीला ठेवलं. अंगात येणं, भानामती, उतारे, नवस हे सगळं त्या घरातून त्याच दिवशी गेलं. बाळंतिणीच्या उशाशी ठेवलेला विळा ती आपल्या हातानं उचलून बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "याची गरज नाही. हात धुवा, साबणानं." बायका ऐकायच्या, कारण तिचा हात हलका होता.

दुखणं एकच होतं, आणि ते ती कोणाला सांगत नसे. लहानपणी बंडीवरून पडून तिच्या उजव्या पायाची नळी मोडली होती. हाडवैद्यानं कामट्या बांधून ती जुळवली, पण हाड जरा फिरून बसलं. चालताना उजवं पाऊल थोडं बाहेर पडायचं, तेही बारकाईनं पाहिलं तरच कळायचं. सायकलवर मात्र त्या पायानं सूड घेतला. कच्च्या रस्त्यावरून घरी येईपर्यंत गुडघा लाकडासारखा व्हायचा, आतल्या बाजूनं सुजायचा. चप्पल पायडलवरून निसटायची. म्हणून तिनं कापडी बूट घेतले, तर पायडलची दांडी तळव्यात रुतून बोटं बधिर व्हायला लागली. मग रामलालच्या मेव्हण्याचे जुने पोलिसी बूट घालून पाहिले. त्यांनी पाय घट्ट धरला, पण असा सरळ कोंबून ठेवला की दुसऱ्या दिवशी तिला बाळंतिणीच्या खाटेशी खाली बसता येईना.

"दिग्रसले मोहिउद्दीन मोची आहे," रामलाल म्हणाला. "वाकड्या पायाचं काम त्याच्यासारखं इकडं कोणी करत नाही. पण..." आणि तो उगाच सायकलची चेन पुसू लागला.

"पण काय?"

"काही नाही. कमी बोलते तो माणूस."

मोहिउद्दीनचं दुकान म्हणजे गल्लीकडे उघडणारी एक खोली होती. मागं घर. आढ्याला लाकडी कलबुतांचे, म्हणजे बूट ज्यावर बेततात त्या पावलाच्या साच्यांचे, जोड लटकत होते, गावातल्या किती माणसांचे पाय तिथं टांगलेले असतील कोण जाणे. मोहिउद्दीनचाचा पाटावर बसून रापीनं कातडं तासत होता. पांढरी दाढी, बोटं आरीनं टोचून टोचून दगडासारखी झालेली.

"कोणता पाय दुखते?" त्यानं वर न पाहता विचारलं.

"पाय नाही चाचा, गुडघा."

"गुडघा बिचारा मधला आहे. वरून मांडी ढकलते, खालून पाऊल वढते. सायकल आणली का? लावा स्टँडवर. बसा."

गल्लीत, लोकांच्या देखत, एका जागी उभ्या सायकलवर बसून पायडल मारायचं. सत्यशीला लाजली, पण बसली. मोहिउद्दीन समोर उकिडवा बसून तिच्या गुडघ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं सीट थोडी वर उचलून कसली, तिला पाऊल मागं घेऊन चवडा पायडलवर ठेवायला लावला आणि पुन्हा पाहिलं.

"दर फेऱ्याले गुडघा आत चेनीकडं जाते," तो म्हणाला. "लोकं उभं राहून बूट पाहतात अन् घेतात. सायकलचा बूट बसून पाहा लागते. तळ कडक पाह्यजे, दुपदरी, म्हंजे दांडी रुतत नाही. टाच धरून ठेवणारा पाह्यजे, पण बोटाले मोकळा. बक्कल बाहेरच्या अंगाले, नाहीतर वादी चेनीत जाते. अन् तुमचं पाऊल बाहेर वळते ना, त्याले बाहेरच वळू द्या. सरळ कराले गेलं की मार गुडघ्याले बसते. आतल्या अंगानं चामड्याची एक पट्टी देऊन उचलून धरतो, बस."

इतकं तो एका दमात बोलला. पुठ्ठ्यावर तिचं पाऊल ठेवून तो पेन्सिल फिरवू लागला. उजव्या पावलाची रेघ पुरी झाली तशी त्याची पेन्सिल थांबली. पुठ्ठा त्यानं उजेडाकडे धरला. मग उठला, काठीनं आढ्याच्या पार मागून फडक्यात गुंडाळलेला एक जोड काढला, आणि त्यातला उजवा कलबूत रेघेवर ठेवला.

लाकूड रेघेत बसलं. अंगठ्याच्या सांध्याचा फुगवटा, बाहेरचं वळण, टाचेची बारीक झुकती बाजू, सगळीकडे रेघ लाकडाला चिकटून गेली.

सत्यशीलानं लाकडाला बोट लावलं. "कोणाचा हा?"

"होता एकीचा. लय दिवसांत लागला नाही."

आतून एका बाईचा आवाज आला. "कोण आलं जी?"

"गिऱ्हाईक."

"बाईमाणूस आहे?"

मोहिउद्दीननं कलबूत पुन्हा फडक्यात गुंडाळला. पडदा सरकला आणि चौकटीत त्याची बायको हजराबी उभी राहिली. तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची दुधासारखी साय होती. तिनं तोंड सत्यशीलाच्या चेहऱ्याकडे नाही, खाली, पावलांकडे वळवलं आणि कान देऊन उभी राहिली. सत्यशीला जागची हलली नाही. का कोण जाणे, पाय उचलायची तिला भीती वाटली.

"बुधवारी या," मोहिउद्दीन घाईनं म्हणाला. "संध्याकाळी या. दिवसभर वापरून पाय फुगते, तेव्हाचं माप खरं."

बूट झाले. काळ्या म्हशीच्या कातड्याचे, साधे, बाहेरच्या अंगाला पितळी बक्कल. नवं कातडं पहिल्या दिवशी चावतं, टाचेला फोड येतो. हे चावले नाहीत. पाय आत गेला आणि जिथल्या तिथं बसला, जसे कोणी तिच्यासाठी आधीच वापरून मुरवून ठेवले होते. आठवड्यात गुडघ्याची सूज उतरली. नाल्याचा चढ ती उतरून सायकल ढकलत चढायची, तो आता सीटवर बसून चढायला लागली. रामलाल म्हणाला, "बाई, आता तुमच्यामागं पळनं जमत नाही मले." ती हसली. त्या हिवाळ्यात ती खरोखर सुखात होती.

मग ती खेमसिंग नाईकाच्या तांड्यावर गेली. खेमसिंगची सून पोटुशी होती. सत्यशीलानं सायकल मोहाच्या झाडाला टेकवली आणि पेटी घेऊन झोपड्यांच्या मधून चालत निघाली. नाईकाची म्हातारी आई भुरीबाई उन्हाला पाठ करून घागऱ्यावर आरसे टाकत बसली होती. तिनं मान वळवली नाही.

"आली का वो रौशन?" ती म्हणाली. "लय दिस लावले यंदा. माह्या नातीचा हात उघडा आहे, पाह्य."

"मी नर्स आहे, याडी," सत्यशीला आईला हाक मारावी तसं म्हणाली.

भुरीबाईच्या हातातली सुई पडली. ती वळली, तिनं पांढरी साडी पाहिली, मग बूट पाहिले. बराच वेळ ती बुटांकडेच पाहत राहिली. "चालून दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"तिकडं जाय, अन् ये."

म्हातारीचा मान राखायचा म्हणून सत्यशीला झोपडीच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. तेव्हा पहिल्यांदा तिनं स्वतःचं चालणं ऐकलं. डावं पाऊल पडत होतं, आणि मग उजवं, जरा उशिरा, जरा घासून. ठप, आणि सर्र. असं ती आधी चालत नव्हती. भुरीबाईनं ओढणी तोंडावर घेतली आणि ती आत निघून गेली.

पुढच्या खेपेला सत्यशीला झोपडीला वळसा घालून अंगणात आली आणि थबकली. तांड्यातल्या पोरी ओळीनं बसल्या होत्या. सगळ्यांनी बाह्या वर सारून हात पुढं धरले होते, मनगटं वर करून, न बोलता. त्यांनी तिला येताना पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तिचा चेहरा दिसताच एकेक हात मागं गेला. सगळ्यांत धाकट्या पोरीचा हात तसाच राहिला, शेवटी तिच्या आईनं तो ओढून घेतला.

त्या दिवशी भुरीबाईनं सांगितलं. रौशन म्हणजे दिग्रसच्या मोच्याची पोरगी. जन्मतःच उजवा पाय फिरलेला. लग्न जमलं नाही म्हणून डोक्यावर काचेच्या बांगड्यांची टोपली घेऊन या सगळ्या तांड्यांना फिरायची. बाप तिच्यासाठी बूट करायचा. बायका तिच्या पावलांचा आवाज ऐकून हात धुऊन बसायच्या. एका भादव्यात ती इथूनच निघाली. आभाळ भरलेलं होतं. भुरीबाई म्हणाली होती, ऱ्हाय आजचा दिस. ती म्हणाली, अम्मा वाट पाहते. अरुणावती नदीच्या उतारावर, पायी ओलांडायच्या जागी, वरून पूर आला. टोपली खाली दूर बाभळीत अडकलेली सापडली, बांगड्यांसकट, एकही फुटली नव्हती. रौशन सापडली नाही.

सत्यशीलानं मनाशी हिशेब मांडला, आणि तो बरोबर होता. एकाच कलबुतावरचे बूट, तीच पट्टी, तसाच फिरलेला पाय, म्हणजे चालही तीच होणार. यात न समजण्यासारखं काय आहे? हे तिनं रामलाललाही समजावून सांगितलं. रामलालनं मान हलवली आणि विचारलं, "मंग बाई, तुमची आधीची चाल कुठं गेली?"

चैतात नदीचं पाणी आटलं. उतारावर नुसती वाळू उरली आणि खालच्या अंगाला कातळाशी एक काळा डोह. वाळूत सायकल चालत नाही, ती हातानं ढकलत न्यावी लागे. त्या दिवशी सत्यशीला खेमसिंगच्या सुनेचं बाळंतपण उरकून परतत होती. मुलगी झाली होती, सगळं नीट पार पडलं होतं. ऊन डोक्यावर. सागाची झाडं पानं टाकून उघडी उभी होती. पाखरू बोलत नव्हतं. वाळूवरची हवा हलत होती, त्यामुळं पलीकडचा काठ पाण्यात पडल्यासारखा दिसत होता.

अर्ध्या वाळूत ती दम घ्यायला थांबली आणि मागं पाहिलं. सायकलच्या चाकाची रेघ होती, रेघेच्या एका अंगाला तिच्या बुटांचे ठसे.

दुसऱ्या अंगालाही ठसे होते.

आधी तिला वाटलं, सकाळी जातानाचे. पण सकाळी ती वरच्या अंगानं गेली होती. हे ठसे तिच्याबरोबरीनं आले होते. उजवं पाऊल बाहेर वळलेलं, आतली कड उचललेली, टाचेची तीच झुकती बाजू. तिच्या ठशांत कोरडी वाळू ढासळत होती. त्या ठशांच्या कडा ओल्या होत्या, पाण्यातून आलेल्या पायांच्या असतात तशा. ती थांबली होती तिथवर ते आले होते, तिथून वळले होते आणि डोहाकडे गेले होते. परतीचे नव्हते.

"कोण आहे?" ती म्हणाली. आवाज आपला नाही असा वाटला.

कोणी नव्हतं. डोहाचं पाणी जराही हलत नव्हतं. आणि मग तिला जाणवलं की बुटातला तिचा उजवा पाय वळतो आहे. ओढ नव्हती, जोर नव्हता, माणूस झोपेत कूस बदलतो तसा तो डोहाच्या बाजूला झाला होता, आणि तिथं तो गुडघ्याला बरा वाटत होता. हेच तिला सगळ्यांत भयंकर वाटलं, की त्या दिशेला पाय दुखत नव्हता.

ती वाळूत बसली. बक्कल निघेना. बूट काढून तिनं पेटीवर बांधले आणि तापलेल्या वाळूतून अनवाणी सायकल ढकलत पलीकडे गेली. काठावर पोचेपर्यंत तळवे भाजून निघाले होते. मागं वळून तिनं पाहिलं नाही.

तळव्यांना मलम लावून, फडकी गुंडाळून ती दुसऱ्या दिवशी बसनं दिग्रसला गेली. बूट तिनं मोहिउद्दीनच्या पाटावर ठेवले.

"चाचा, रौशनच्या कलबुतावर माझे बूट काहून केले?"

त्यानं रापी खाली ठेवली. "पाय जुळला," तो म्हणाला. "इतक्या सालात कोणाचा जुळला नव्हता. मले वाटलं, ही चाल एकडाव पुन्हा रस्त्यावर पडली तर..." त्यानं बुटाच्या टाचेवरून अंगठा फिरवला.

तिनं वाळूतलं सांगितलं. तो दचकला नाही, एवढंच विचारलं, "ओले होते?"

"कडेला ओले होते."

आतून हजराबी म्हणाली, "तिले म्हना, बूट घालून आंगनात चाल."

सत्यशीलाला उठून जावंसं वाटलं. पण ती नर्स होती. बाई वेणा देताना जे मागते ते द्यायचं असतं, हे तिला ठाऊक होतं, आणि त्या आवाजात तसंच काही होतं. फडक्यांवरून तिनं कसेबसे बूट चढवले. घरामागचं अंगण फरशीचं होतं. हजराबी भिंतीला टेकून बसली, पापण्या मिटून. सत्यशीला चालली. ठप, सर्र. ठप, सर्र. बोरीच्या झाडापर्यंत गेली, परत आली. दारात मोहिउद्दीन दोन्ही हातांनी चौकट धरून उभा होता.

हजराबीनं हात वर केला. "बस."

"चाची..."

"तू नाही," हजराबी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, उलट जीव भांड्यात पडल्यासारखी ती दिसत होती. "मले भेव होतं, का मी तुलेच ऐकून राह्यली. तुही टाच जड पडते. तिची हलकी आहे. काल असराच्या नमाजाच्या वखताले आलती तेव्हा मी ध्यान देऊन ऐकलं. हलकी आहे."

मोहिउद्दीननं मान खाली घातली. ही गोष्ट त्याला नवी नाही, हे सत्यशीलाला त्या क्षणी कळलं. तिनं बूट काढले आणि भिंतीशी ठेवले.

"मले माह्या पायाचा कलबूत करून द्या," ती बाहेर येऊन म्हणाली. "दुसऱ्या कोणाचा नको. जुळला तरी नको."

त्यानं करून दिला. सागाचा ओंडका आणून, तिला पुन्हा सायकलवर बसवून, गुडघा पाहत पाहत त्यानं तो कोरला. या वेळी पट्टी थोडी पातळ ठेवली आणि टाच थोडी रुंद. हे बूट पहिल्या दिवशी चावले. टाचेला फोड आला आणि सत्यशीलाला त्या फोडाचा इतका आनंद झाला की तिनं तो रामलालला दाखवला. गुडघा मात्र कधीच पुरा बरा झाला नाही, लांबच्या फेरीनंतर आतल्या बाजूला ठणकायचा. ठप आणि सर्र गेलं. तांड्यावर तिच्या पावलांच्या आवाजानं आता कोणी हात पुढं धरीत नसे, सायकलची घंटी ऐकून पोरी पळत यायच्या. जुन्या बुटांचं हजराबीनं काय केलं हे तिनं विचारलं नाही. उतारावरून जायचं तिनं सोडलं, लांबून, पुलावरून जायची. कोणी विचारलं तर म्हणायची, वाळूत चाक रुततं.

पण हजराबीच्या डोळ्यांवरची ती साय तिच्या मनातून जाईना. पुढच्या हिवाळ्यात यवतमाळला डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर लागलं, तेव्हा सत्यशीला स्वतः दिग्रसला गेली. मोहिउद्दीन आढेवेढे घेत होता. हजराबीच तयार झाली. "ती येते तेव्हा मले पाह्यची आहे," ती एवढंच म्हणाली. सत्यशीला तिला बसनं घेऊन गेली, शिबिरात तिच्या उशाशी बसून राहिली, पट्ट्या उतरवताना तिचा हात धरला. जाड भिंगांचा चष्मा लागला. हजराबीनं आधी आपले हात पाहिले, मग सत्यशीलाचा चेहरा, आणि मग वाकून तिचे पाय.

उन्हाळ्यात सत्यशीला तिला भेटायला गेली. हजराबी दारात बसली होती. घर सारवलेलं, भांडी घासलेली, सगळं तिच्या हातचं. चष्मा मात्र तिच्या मांडीवर काढून ठेवलेला होता.

"काहून काढला चाची? दिसत नाही का नीट?"

"दिसते. लय चांगलं दिसते," हजराबी म्हणाली. "बोरीवरचं बोर दिसते. चाचाची दाढी इतकी पांढरी झाली, मले मालूमच नव्हतं." तिनं चष्म्याच्या काड्या मिटल्या. "पन तवापासून ती आली नाही वो. एकबी दिस नाही. दिसाले लागलं तशी ऐकू याची बंद झाली."

दुपार ढळली, असराची अजान झाली. हजराबीनं ओढणी डोक्यावर सारखी केली, डोळे घट्ट मिटले आणि बोट ओठांवर ठेवून तिला गप्प बसायची खूण केली. आत मोहिउद्दीनची हातोडी थांबली. तिघंही ऐकत राहिले. गल्लीतून एक बंडी गेली, कुठंतरी एक पोर रडलं.

"जाय आता," हजराबी डोळे न उघडता म्हणाली. "तू बसली तर ती नाही याची."

सत्यशीला उठली, सायकल हातात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, आणि तिथं मुद्दाम थांबून, बूट जमिनीवर नीट टेकवून, आपल्याच जड टाचेचा आवाज ऐकत सीटवर बसली.